हिरोडोटस, मुक्काम वडाळा

वडाळ्यात राहणाऱ्या माणसाने हिरोडोटस वाचू नये असा काही कायदा नाही. पण आमच्या घरात तो असावा अशी मला दाट शंका आहे. रविवारी सकाळी मी हे पुस्तक उघडलं की नेमका त्याच क्षणी गिरणीतून दळण आणायचं निघतं, गॅसचा नंबर लागलेला असतो, नाहीतर माळ्यावरची सुटकेस हवी असते. आमच्या मातोश्री होत्या तेव्हा त्यांनी एकदा चष्मा कपाळावर चढवून मुद्दाम विचारलं होतं, "कोण रे हा मेला? सारखा हातात असतो तो?"

"मेलाच आहे आई," मी म्हटलं. "साडेचोवीसशे वर्षं होत आली."

"मग आता त्याची एवढी घाई कसली? आधी दळण आण."

तर हा मेला म्हणजे हालिकार्नाससचा हिरोडोटस. त्याचं गाव हल्ली तुर्कस्तानात आहे आणि त्याला बोद्रुम म्हणतात. जन्म इसवी सनापूर्वी ४८४च्या आसपास. इराणी आणि ग्रीक यांच्या लढाया का झाल्या हे सांगायला तो बसला आणि सांगता सांगता नऊ खंड झाले. कारण मधेच त्याला मिसर देशातल्या मगरी आठवतात, मधेच बाबिलोनची लग्नं आठवतात. हिंदुस्थानाबद्दल तर त्याने लिहून ठेवलंय की तिकडे कोल्ह्यापेक्षा मोठ्या मुंग्या असतात आणि त्या जमिनीतून सोनं उकरून काढतात. हे वाचून हसू येतं. पण पुढच्याच पानांवर तो म्हणतो की या देशात झाडांना लोकर लागते आणि लोक त्या लोकरीचे कपडे घालतात. परळ-लालबागच्या जवळ जन्म काढलेल्या माणसाने यावर हसायचं कसं? त्या झाडाच्या लोकरीवरच तर सगळा गिरणगाव उभा राहिला. सिसेरोने त्याला इतिहासाचा जनक म्हटलं, दुसऱ्या काहींनी थापांचा जनक म्हटलं. एकाच माणसाला दोन्ही अपत्यं असू शकतात हे आपल्याकडे नव्याने सांगायला नको.

माझी प्रत माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरची. ऑब्री द सेलिंकोर्ट यांनी १९५४ साली केलेलं पेंग्विनचं इंग्रजी भाषांतर, वरचं कव्हर गेलेलं. विक्रेत्याने ते रेल्वेच्या टाइमटेबलांच्या गठ्ठ्यात घातलं होतं. मला त्यात काही गैर वाटलं नाही. कोण कुठून निघालं, कुठे पोचलं आणि वाटेत किती खोळंबलं, हेच दोन्हीत आहे.

या पुस्तकात माणसं जागोजाग थांबून नशिबाबद्दल आणि लढाईबद्दल असं काहीतरी बोलून जातात की आपण पान दुमडून ठेवतो. माझ्या प्रतीची आता इतकी पानं दुमडलेली आहेत की पुस्तक मिटत नाही.

पहिलं दुमडलेलं पान क्रीससचं. आपल्याकडे कुबेर तसा तिकडे हा लिडियाचा राजा. अथेन्सचा शहाणा सोलोन त्याच्याकडे पाहुणा आला. क्रीससने आधी त्याला खजिना दाखवला आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं की, तुम्ही एवढं जग हिंडलात, सगळ्यात सुखी माणूस कोण पाहिलात? (नवा फ्लॅट दाखवून झाल्यावर "कसा वाटला?" विचारणारे यजमान आपण पाहतोच.) सोलोनने नाव घेतलं टेलस नावाच्या अथेन्सच्या एका साध्या माणसाचं. मुलं गुणी निघाली, नातवंडं सगळी जगली आणि गावासाठी लढताना मरण आलं. क्रीससने तोंड वाकडं करून विचारलं, बरं, दुसरा नंबर? तिथेही राजाची वर्णी लागली नाही. आर्गोसच्या दोन भावांची लागली. देवीच्या उत्सवाला आईला न्यायला बैल वेळेवर आले नाहीत, म्हणून या पोरांनी स्वतः जू खांद्यावर घेतलं आणि चांगला आठ किलोमीटर गाडा ओढत नेला. आईने देवीला मागणं मागितलं की माझ्या लेकरांना माणसाला मिळेल तेवढं उत्तमातलं उत्तम दे. पोरं देवळात झोपली ती उठलीच नाहीत.

ही गोष्ट मी मातोश्रींना सांगितली तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "म्हणजे मेली?" म्हणाल्या. "आणि हे उत्तम? मागणं मागताना नीट मागावं माणसाने. मी कात्रक रोडच्या विठोबाला सांगते तेव्हा मुलाचं नाव, मजला, खोली नंबर सगळं सांगते. काय हवं ते सांगते आणि काय नको तेही सांगते." हिरोडोटसवरचं मी वाचलेलं हे सगळ्यात चांगलं भाष्य.

सोलोनचं म्हणणं असं की शेवट पाहिल्याशिवाय कुणाला सुखी म्हणू नये, फार तर नशीबवान म्हणावं. आणि हे पटवायला तो चक्क हिशेब मांडतो. माणसाचं आयुष्य सत्तर वर्षं धरा. अधिक महिने मिळवले की दिवस होतात २६,२५०. आणि यातला एक दिवस दुसऱ्यासारखा नसतो. माझी हयात कारकुनीत गेल्यामुळे आकडा दिसला की मला तो ताडून पाहावासा वाटतो. भागाकार केला तर वर्षाला ३७५ दिवस पडतात! सोलोन दर दोन वर्षांनी एक अधिक महिना टाकतो. आपला पंचांगकर्ता बत्तीस-तेहतीस महिने वाट पाहतो. सत्तर वर्षांचे खरे दिवस २५,५६७. म्हणजे या शहाण्याने दर डोई ६८३ दिवस जास्तीचे दिले. मी सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे, मला हा हिशेब मान्य आहे. ऑडिटला लागला तर मी काही बोलणार नाही.

क्रीसस पुढे इराणच्या सायरसवर चालून जायला निघाला. निघण्याआधी डेल्फीला कौल लावला. कौल आला की, तू चाल केलीस तर एक मोठं राज्य बुडेल. बुडालं. ते त्याचंच होतं. मग त्याने देवाकडे तक्रार पाठवली, तर तिथून उत्तर आलं की, कोणतं राज्य हे तू विचारायला हवं होतंस. आणि नेमलेलं काही देवालाही चुकवता येत नाही. आमच्या शेजारच्या एका सोसायटीने इमारत पाडून नवी बांधायची की नाही यावर असाच एका ज्योतिष्याला कौल लावला होता. या जागी मोठी इमारत उभी राहील, असं त्यांनी छातीठोक सांगितलं. उभी राहिली. कुणासाठी, हे विचारायचं राहिलं. जुनी मंडळी हल्ली बदलापूरहून तिच्याकडे बोट दाखवायला येतात.

दुसरं दुमडलेलं पान पॉलिक्रॅटीसचं. सामोस बेटाचा हा राजा हात लावील त्याचं सोनं करी. त्याचा मित्र मिसरचा राजा अमासिस. त्याने काळजीने पत्र लिहिलं की, तुझं सगळंच इतकं चांगलं चाललंय ते बरं नाही, देवाला बघवत नाही. तुझी सगळ्यात आवडती वस्तू अशी फेकून दे की पुन्हा दिसणार नाही. पॉलिक्रॅटीसने पाचूची अंगठी भर समुद्रात नेऊन टाकली. आठवड्याच्या आत एका कोळ्याने राजाला नजर म्हणून मोठा मासा आणून दिला आणि तो कापताना पोटातून अंगठी निघाली. हे कळल्यावर अमासिसने मैत्रीच तोडली. ज्याचं फेकलेलंही परत येतं त्याचा शेवट भयंकर होणार, त्या दुःखाचा वाटेकरी कोण होईल? शेवट झालाही तसाच.

कालिदासाच्या शाकुंतलातही अंगठी मासाच परत आणतो. पण तिथे परत आल्यामुळे सगळं गोड होतं आणि इथे परत आल्यामुळे सगळं संपतं. मला मात्र या पत्रात मीठमोहऱ्यांचा वास येतो. ग्रीक पंडित देवांच्या मत्सरावर ग्रंथ लिहितात. आमच्या चाळीत तो विषय चुलीपाशीच निकालात निघत असे. पोर जरा गुटगुटीत दिसलं की गालाला तीट, नोकरी लागली की दारावर लिंबू-मिरची. अमासिसने दृष्ट काढायला सांगितली होती, दुसरं काय?

आणि फेकलेलं सोनं परत यायला सामोसलाच जायला हवं असंही नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाच्या बोटीचा स्फोट झाला. बोटीत दारूगोळा, त्याच्या शेजारी कापसाच्या गासड्या आणि वर सोन्याच्या विटा. असा शेजार कुणी ठरवला ते नशिबालाच ठाऊक. शेकडो माणसं गेली. आग विझवायला धावलेले ६६ जवान गेले, म्हणून १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन असतो. मातोश्री तेव्हा लहान होत्या, पण तावदानं कशी खळखळली ते शेवटपर्यंत सांगायच्या. आणि त्याच आकाशातून सोन्याची एक वीट एका पारशी गृहस्थांच्या घरात येऊन पडली. त्यांनी ती परत केली. पुढे कित्येक वर्षांनी गोदीतला गाळ उपसताना आणखी विटा निघाल्या. हिरोडोटस त्या काळी असता तर त्याने त्या पारशी गृहस्थांना गाठून जबानी घेतली असती. इराणी लोक आपल्या मुलांना घोड्यावर बसणं, बाण मारणं आणि खरं बोलणं या तीनच गोष्टी शिकवतात, असं त्याने लिहिलेलं आहेच. पहिल्या दोन मुंबईत सुटल्या असतील.

पारशांचा विषय निघाला तो बराच झाला. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर फाइव्ह गार्डन आणि पलीकडे मंचेरजी जोशींनी वसवलेली पारशी कॉलनी. संध्याकाळी तिथे उभं राहून "सायरस!" अशी हाक मारली तर निदान दोन जण क्रिकेट थांबवून वळतात. "दारियस!" म्हटलं तर बोलिंग करणारा थांबतो. ज्या राजांनी अर्धं जग हलवलं ते इथे एकमेकांना एल.बी.डब्ल्यू. देत असतात. गंमत म्हणजे ही नावं इराण्यांची नव्हेतच. त्यांच्या मूळ कुरुश आणि दारयवौशची ग्रीकांनी केलेली बिघडवणूक आहे. लढाया ग्रीकांनी जिंकल्या तेवढ्यावर भागलं नाही, शत्रूच्या पोरांच्या बारशालाही हजेरी लावून ठेवली.

यातला झर्क्सिस मला सगळ्यात जवळचा वाटतो. युरोपवर स्वारी करायला निघाला तेव्हा सामुद्रधुनीवर बांधलेला पूल वादळात मोडला, म्हणून याने समुद्राला तीनशे फटके मारायची शिक्षा फर्मावली. दर पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालताना हे हुकूमपत्र मला फार समजूतदारपणाचं वाटतं. पण पुढे हाच राजा टेकडीवर बसून आपलं सैन्य पाहतो. सगळी सामुद्रधुनी जहाजांनी भरलेली, किनारे माणसांनी भरलेले. तो आधी स्वतःला धन्य म्हणवतो आणि मग एकदम रडायला लागतो. त्याचा काका अर्ताबानस कारण विचारतो. (आपल्या इतिहासात काका म्हटलं की पोटात गोळा येतो, पण हा काका भला होता.) राजा म्हणतो की एवढी ही माणसं, आणि शंभर वर्षांनी यांतलं एकही नसेल. काका म्हणतो, आयुष्य आखूड आहे हे खरं, पण त्यापेक्षा वाईट गोष्ट आहे; एवढ्या आखूड आयुष्यातही मरण आलं तर बरं असं ज्याला एकदा तरी वाटलं नाही असा माणूस सापडणार नाही.

आषाढी एकादशीला वडाळ्याच्या विठ्ठलमंदिराची रांग पाहताना मला हे हटकून आठवतं. रडू मात्र येत नाही. रांगेत मागचा माणूस पाठीत कोपर खुपसत असताना शंभर वर्षांचा विचार टिकत नाही. झर्क्सिस उंचावर बसला होता म्हणून त्याला जमलं.

थर्मोपिलीचा स्पार्टन डायनिकीस सगळ्यांना माहीत असतो. इराण्यांच्या बाणांनी सूर्य झाकला जातो असं कुणी सांगितल्यावर तो म्हणाला, बरंच झालं, सावलीत लढू. शाळेत आम्हाला दत्ताजी शिंद्यांचं बुराडी घाटावरचं १७६० सालचं उत्तर पाठ होतं, त्यामुळे मला हा स्पार्टन घरचाच वाटला. अशी वाक्यं ऐकून पोरांच्या छात्या फुगतात. माझीही फुगायची. १९३० साली आमच्या याच वडाळ्याच्या मिठागरांवर माणसं रिकाम्या हातांनी चालून गेली, लाठ्या खाल्ल्या, मूठभर मीठ घेऊन परतली; त्यांच्यातलं कोण काय बोललं हे लिहून ठेवायला मात्र हिरोडोटस नव्हता.

पण ज्या पानाची घडी आता फाटायला आली आहे ते पान वेगळं आहे. क्रीसस हरला, सायरसने त्याला चितेवर चढवलं, तिथे त्याला सोलोन आठवला, त्याने तीन वेळा त्याचं नाव घेतलं आणि त्यामुळे वाचला. मग सायरसने विचारलं की माझ्याशी लढायची बुद्धी तुला कुणी दिली? क्रीससने देवावर ढकललं आणि म्हणाला की शांतता सोडून लढाई पत्करील इतका खुळा माणूस नसतो. शांततेत मुलं बापांना पोचवतात, लढाईत बापांना मुलांना पोचवावं लागतं.

आमच्या तळमजल्यावर एक मामा राहायचे. सगळ्या चाळीचे मामा. पोर्ट ट्रस्टच्या रेल्वेत पॉइंट्समन. गाव साताऱ्याकडचं, अपशिंग्याच्या शेजारचं. अपशिंगे म्हणजे ज्याच्या नावातच 'मिलिटरी' आहे ते गाव. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं गेली आणि इंग्रजांनी तिथे स्तंभ उभा केला. मामांचा मुलगा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होता. १९७१च्या ऑक्टोबरात रजा संपवून तो परत निघाला तेव्हा मामा त्याला व्ही.टी.ला पोचवून आले आणि पायरीवर बसले. माझे वडील म्हणाले, काय मामा, गाडी मिळाली का? मामा म्हणाले, "मिळाली. ह्यो काय परत येत न्हाई." वडील रागावले, असं अभद्र बोलू नये म्हणाले. त्याला थांबवायचं होतं मग, असंही म्हणाले. मामा म्हणाले, "आन् सांगू काय त्येला?"

हिरोडोटसमध्ये थीब्सच्या एका मेजवानीत असाच एक इराणी आहे. शेजारच्या ग्रीकाला तो सांगतो की इथे जेवणाऱ्या आणि नदीकाठी तळ टाकलेल्या आमच्या लोकांतले थोडेच थोड्या दिवसांनी जिवंत असतील, आणि रडतो. ग्रीक विचारतो की मग सेनापतीला सांग ना. तो म्हणतो की खरं सांगितलं तरी कुणी ऐकत नाही, आणि पुष्कळ कळत असून हातात काही नसणं यासारखं दुःख नाही. हे मला त्या माणसाच्या तोंडून ऐकलेल्याने सांगितलं, असं हिरोडोटस मुद्दाम नाव घेऊन नोंदवतो. थापांचा जनक म्हणवणाऱ्यांनी हे पान जरूर वाचावं.

डिसेंबरात लढाई लागली. मुंबईत ब्लॅकआउट. आम्ही पोरं खिडक्यांना काळे कागद चिकटवत हिंडत होतो. खळ उकळून द्यायला मातोश्री, पोरांवर ओरडायला वडील. मला चौदावं सरलेलं. मामांच्या खिडकीला कागद मीच लावला होता. सोळा तारखेला लढाई संपली, चाळीत पेढे वाटले. तार त्यानंतर तीन दिवसांनी आली. क्रीसस म्हणतो तसं पोचवणंसुद्धा मामांच्या वाट्याला आलं नाही. फक्त तार पोचली.

सगळ्यांनी कागद काढून टाकले. आम्ही पोरं घरोघर जाऊन ते खरवडत होतो. मामांच्या दाराशी गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे त्यो. उन्हाचा तरास हुतो."

ती खिडकी उत्तरेला होती. तिच्यातून ऊन कधीच येत नसे. मामा रिटायर होऊन गावी गेले तोवर कागद तसाच होता, कडा पिवळ्या पडलेला. तो लढाई सुरू करणारा राजा आणि त्याची चिता यांच्याशी मामांचा काहीच संबंध नव्हता, म्हणूनच बहुधा ते पान वाचताना मला क्रीसस दिसत नाही.

असो. फाइव्ह गार्डनच्या बाकावर माझे एक पारशी स्नेही असतात, वय वर्षं त्र्याऐंशी. हिरोडोटसला ते 'दुश्मननी चोपडी' म्हणतात, पण रोज विचारतात की आज काय बोलते तुझा ग्रीक? गेल्या वर्षी टोरोंटोला त्यांना पणतू झाला. घरच्यांनी नाव काढलं झर्क्सिस. माझं मत विचारलं. मी प्रामाणिकपणे समुद्राच्या फटक्यांची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, विचार करा.

त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरून पुष्कळ विचार केला. मग म्हणाले, "तूच बोलला ना, आमचे लोक नदीमधे थुंकते पण नाय, असा तो ग्रीक लिहिते?"

"लिहितो खरा. नदीत हातसुद्धा धूत नाहीत म्हणतो."

"तर मग ते लोकचा राजा पाण्याला मारेल कसा? एक तरी जागी तो खोटा बोलते, डिकरा. कुठे ते तू शोधून काढ. आणि दुसरा झर्क्सिस नाय काय झाला? आपला झर्क्सिस देसाई? शंभर वरस बघून रडत नाय बसला. टायटनचा घड्याळ बनवला."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. पोराचं नाव झर्क्सिसच ठेवलं. त्या आनंदात आमच्याकडे वाटीभर रवो आला, वर बदाम आणि मनुका. वाटी रिकामी परत करायची नसते, म्हणून त्यांना चालेल असं गोड काय घालावं याचा आमची ही आठ दिवस विचार करते आहे, आणि मी ती दोन्ही पानं समोरासमोर उघडी ठेवून बसलो आहे. मधे दळणाला जाऊन आलो.